खालच्या टाकीतला हिरवा गुंता

मालती गेल्याचं घरात कळलं, तेव्हा तिची मुलगी भूमिका माझ्या कपाटाच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसली होती. इंदूरच्या दवाखान्यातून तिच्या वडिलांचा, देवरामचा, फोन आला होता. "पप्पा, बोला ना. रडू नका, आधी सांगा," असं ती म्हणत राहिली. फोन फरशीवर पडला. वरच्या टाकीतले मासे दचकून कोपऱ्यात गेले. मोटर मात्र चालू होती. पाणी वर चढत होतं आणि खाली उतरत होतं.

मित्रांनो, मी एक जुना गुंता आहे. समुद्री शेवाळाचा. हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याचा कोणी बोळा करून पाण्यात टाकावा, तसा मी दिसतो. मला मूळ नाही, पान नाही, फूल नाही. बुऱ्हाणपुरात, लोधीपुऱ्यातल्या एका घराच्या बाहेरच्या खोलीत, लाकडी कपाटात ठेवलेल्या काचेच्या टाकीत मी राहतो. माझ्या डोक्यावर दुसरी मोठी टाकी आहे. तिच्यात खारं पाणी, रंगीत मासे आणि जिवंत प्रवाळ. लोक येतात ते ती टाकी बघायला. माझं दार कोणी उघडत नाही.

तुम्ही म्हणाल, बुऱ्हाणपुरात समुद्र कुठून आला? मालती शाळेत भूगोल शिकवायची. एकदा लग्नाला म्हणून ती सुरतेला गेली आणि तिथून तापी समुद्राला मिळते ती जागा बघून आली. आपल्या राजघाटावरून वाहून जाणारं पाणी इथं येऊन खारं होतं, हे ती मुलांना कितीदा तरी सांगत आली होती, पण डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. परत आल्यावर ती देवरामला म्हणाली, "अहो, मला घरात थोडा समुद्र पाहिजे."

देवराम पॉवरलूम दुरुस्त करणारा मिस्त्री. तो म्हणाला, "थोडा म्हणजे किती? बादलीभर?"

"हसा. पण कपाट तुम्हीच बनवून द्यायचंय."

त्यानं कपाट बनवलं. टाकी आली, मीठ आलं, मासे आले. आणि थोड्याच दिवसांत टाकीचा सत्यानाश व्हायला लागला. मासे खातात, घाण करतात. उरलेलं अन्न कुजतं. त्या सगळ्याचं पाण्यात खत तयार होतं. नायट्रेट आणि फॉस्फेट म्हणतात त्याला. शेतात खत पडलं की तण माजतं, तसं त्या पाण्यात केसाळ, चिकट शेवाळ माजलं. काच हिरवी, दगड तपकिरी, प्रवाळ त्याच्याखाली गुदमरलेलं. मालती रोज घासायची आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर असायचं.

मग तिनं मला मागवलं. मुंबईहून पार्सलात, प्लास्टिकच्या पिशवीत, मूठभर मी आलो. देवरामनं पिशवी उजेडात धरली आणि म्हणाला, "शेवाळाला कंटाळलीस आणि शेवाळच विकत आणलंस?"

"हे खाली राहील. वरच्याचं जेवण हेच खाऊन टाकेल. मग वरचं उपाशी मरेल."

"आणि मग हे खालचं माजलं म्हणजे?"

"ते आपण काढायचं. अर्धं ठेवायचं, अर्धं काढायचं. दर रविवारी."

माझं सगळं काम एवढ्या बोलण्यात आलं. वरचं पाणी खाली येतं, माझ्या दोऱ्यांतून फिरतं. त्यातलं खत मी ओढून घेतो आणि वाढतो. पण माझ्या वाढण्यानं घाण घराबाहेर जात नाही, मित्रांनो. ती फक्त माझ्या अंगात येते. मला अर्धा तोडून बाहेर काढलं, तरच ती खरी बाहेर जाते. म्हणून रविवारी चहा झाला की मालती बाही वर करून माझ्यात हात घालायची. पिळून, झटकून अर्धा काढायची. तो भाग गोड्या पाण्यात पुन्हा पुन्हा खळाळून मागच्या अंगणातल्या केळीच्या बुंध्याशी टाकायची. राहिलेल्या अर्ध्याला माझ्या जांभळ्या दिव्याखाली नीट पसरायची.

वर सगळं सुधारलं. काच स्वच्छ झाली. नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांची माशांची जोडी निवांत फिरायला लागली. एका दगडावर नारंगी प्रवाळाची गोल गोल तोंडं उघडायला लागली. मालती त्याला झेंडू म्हणायची. आधी चिमूटभर होता, मग दगडभर झाला. शाळेतली मुलं बघायला यायची आणि झेंडूपुढं उभी राहून तोंड उघडं टाकायची. मालती त्यांना माझं दार उघडून दाखवायची आणि म्हणायची, "झेंडूचं कौतुक करा, पण राबतो तो हा." माझं कौतुक करणारी ती एकटीच होती. देवरामचं या सगळ्यात एकच काम होतं. इतवाऱ्याच्या बाजारातून शुद्ध पाण्याचा कॅन आणायचा आणि उडून गेलेल्या पाण्याची भर घालायची. बाकीचं त्यानं कधी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. ती होती ना.

आता ती नव्हती.

घर माणसांनी भरलं. देवरामची थोरली बहीण आशाबाई असीरगडाकडच्या गावाहून आली. तिनं आल्या आल्या घर हातात घेतलं, कारण देवराम सतरंजीवर बसून होता आणि कोणी काही विचारलं तर नुसती मान हलवत होता.

कपाटाशेजारी एक निळा ड्रम होता. दवाखान्यात जायच्या आधी मालतीनं त्यात मीठ घालून नवं पाणी तयार करून ठेवलं होतं. वरच्या टाकीतलं थोडं पाणी काढून त्या जागी हे घालायचं होतं.

"देवा, हा ड्रम कशाचा रे?" आशाबाईनं विचारलं. देवरामनं मान हलवली.

"मयताच्या घरात साठवलेलं पाणी ठेवत नाहीत. सगळे माठ पालथे केले, हाच तेवढा राहिला. ओता रे कोणी."

दोघांनी ड्रम कलता करून मोरीत रिकामा केला. मालतीनं तयार केलेलं पाणी तापीच्या वाटेनं निघून गेलं.

मग आशाबाईनं वरची टाकी पाहिली. झेंडूपुढं तिनं हात जोडले. "अगं बाई, पाण्यात फुलं! आणि मासोळ्या किती गुणाच्या. हे बघा, मासोळ्यांना कणकेच्या गोळ्या टाकायला तापीवर जातोच की आपण. इथं तर मालतीच्याच मासोळ्या आहेत. तिच्या नावानं घाला."

"हे मासे कणीक खातात का, मावशी?" कोणीतरी विचारलं.

"खातील नाही तर काय करतील? भूक काय समुद्राची वेगळी असते?"

येणारा प्रत्येक माणूस मालतीच्या नावानं गोळी टाकून जाऊ लागला. मासे तोंडात घ्यायचे आणि थुंकायचे. गोळ्या दगडांच्या फटीत जाऊन बसायच्या आणि फुगून फुटायच्या. पाणी ताकासारखं झालं. भूमिका स्वयंपाकघरात होती. तिच्या लक्षात आलं तेव्हा ती धावत आली. "आत्या, बंद करो ना ये! मरून जातील ते."

"मरतील कसे, पोरी? खायला घातल्यानं कोणी मरतं का?"

भूमिका काचेपाशीच उभी राहिली. आईच्या नावानं कोणी घालत असेल, तर घालू नका कसं म्हणायचं?

मी खाली वाट बघत होतो. एवढं खत येणार, तर एवढं खाईन, असं मी ठरवलं होतं. तेवढ्यात आशाबाईनं माझं दार उघडलं.

"आणि हा जांभळा दिवा कसला? घरात मयत झालंय आणि इथं ऑर्केस्ट्रा लागलाय. आत काय, घासणी पडून हिरवी झालेली दिसते."

खटकन आवाज झाला आणि माझा दिवा गेला.

आशाबाई वाईट नव्हती, मित्रांनो. तिचा मालतीवर जीव होता. तिनं जे केलं ते सगळं मालतीसाठीच केलं. पण उजेडाशिवाय मला खाता येत नाही. वरून कुजलेल्या कणकेचं पाणी माझ्यातून वाहत होतं आणि मी काहीच करू शकत नव्हतो. माझे दोरे पांढरे पडायला लागले. मला हाक मारता येत नाही. मला दाराला धक्का मारता येत नाही. पाणी थांबत नव्हतं आणि मी त्याला नुसता अंगावरून जाऊ देत होतो.

तेरावा झाला, माणसं गेली. आशाबाई गेली. भूमिका पुण्याला नोकरीला होती, तिचीही सुट्टी संपली. जाताना ती म्हणाली, "पप्पा, ही टाकी कोणाला तरी देऊन टाकू. तुमच्याकडून नाही होणार हे सब."

"राहू दे," देवराम म्हणाला.

"तुम्हाला काहीच माहीत नाही याच्यातलं."

"नाही माहीत. राहू दे तरी."

घरात तो एकटा राहिला. त्याला दुसरं काही नको होतं. मालतीच्या साड्या आशाबाईनं वाटून टाकल्या तेव्हा त्यानं पाहिलंही नव्हतं. पण ही टाकी जिवंत होती. मालतीनं ठेवलेल्या गोष्टींपैकी श्वास घेणारी एवढी एकच होती. ती मेली, तर या घरात मालतीचं असं काही उरणार नव्हतं जे सकाळी उठल्यावर हलतं.

आणि ती मरत होती. काचेवर तपकिरी थर चढला. दगडांवर केसाळ शेवाळ परत आलं. झेंडूची तोंडं मिटू लागली. देवराम कॅन घेऊन यायचा, पाणी ओतायचा आणि काचेला कपाळ टेकून उभा राहायचा. शेवटी एका दुपारी त्यानं माझं दार उघडलं. आतून कुबट वास बाहेर गेला. त्यानं भूमिकाला फोन लावला.

"खाली अंधार आहे, बेटा. इथं दिवा असतो ना?"

"बटण बघा, पप्पा."

त्यानं बटण दाबलं. जांभळा उजेड माझ्या अंगावर पडला. किती दिवसांनी ते मला सांगता येणार नाही, पण मी मेलेलो नव्हतो.

मी अधाशासारखा खायला लागलो. वर खाण्याचा डोंगर साठलेला होता. माझे दोरे पुन्हा हिरवे झाले, लांबले, टाकीच्या एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत पसरले. देवराम रोज दार उघडून बघायचा. एकदा त्यानं माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "वाढ. तिच्या हातचा आहेस तू. वाढ."

मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. तसं झालं नाही, कारण रविवार आला आणि गेला. दुसराही गेला. कोणी बाही वर केली नाही.

भूमिका फोनवर विचारायची, "पप्पा, काढलं का अर्धं?"

"काढतो."

"आई दर हप्त्याला काढायची. काढावंच लागतं."

"हो गं. काढतो म्हटलं ना."

त्यानं काढलं नाही. मी वाढत राहिलो. टाकी इतकी भरली की पाण्याला वाट राहिली नाही. माझ्या मध्यभागी उजेड पोचेना. तिथले माझे दोरे मरून सडायला लागले. जे मी खाल्लं होतं, ते सगळं मी पाण्यात परत ओकू लागलो. यासारखं दुःख नाही. ज्या घाणीपासून वाचवायला मला आणलं, ती घाण आता मीच होतो. मी आतल्या आत म्हणत होतो, तोड मला. फाड मला. अर्धा घेऊन जा आणि टाकून दे. पण मी शेवाळ आहे. माझं ऐकणार कोण?

एका दुपारी मोटरचा आवाज थांबला. देवराम कामावरून आला तेव्हा मासे पाण्याच्या वरच्या थराशी तोंड काढून धापा टाकत होते. त्यानं लगेच माझ्या टाकीतली मोटर उपसून काढली. यंत्रांचा तो डॉक्टरच. तिच्या पंख्याला माझे दोरे गच्च गुंडाळले गेले होते. लूमच्या शाफ्टवर सूत गुंडाळलं जातं तसे. तो बोटांनी एकेक दोरा सोडवायला लागला. हिरवा, हिरवा, हिरवा. मग एक वेगळा दोरा हाताला लागला.

तो हिरवा नव्हता. अर्धा पांढरा होता आणि अर्धा मेंदीच्या लाल रंगाचा.

देवरामनं तो उजेडाकडं धरला. एक टोक मोटरीत होतं. दुसरं टोक माझ्यात, आत कुठंतरी, खोल. माझ्यावर वाकून काम करताना कधीतरी मालतीचा केस पडला असेल. मला तो कळलाही नव्हता. माझ्यासाठी तो दोऱ्यांमधला एक दोरा होता.

त्यानं पंखा साफ केला. पण केस ओढला नाही. ओढला असता तर तुटला असता. त्यानं मोटर हळूच परत लावली, केस मोकळा धरून. पाणी पुन्हा चढलं. संध्याकाळपर्यंत जोडीतला मोठा मासा मात्र टाकीच्या तळाशी आडवा झाला होता. देवरामनं त्याला ओंजळीत घेतलं आणि बराच वेळ कुठं ठेवायचं ते त्याला सुचलं नाही.

त्याच आठवड्यात भूमिका सुट्टी घेऊन आली. तिनं आल्याबरोबर पाणी तपासलं. नळीतल्या पाण्यात तपासणीच्या औषधाचे थेंब घातले की रंग येतो. हलका गुलाबी आला तर बरं. तो लालभडक आला. मग तिनं माझं दार उघडलं आणि कपाळावर हात मारला.

"पप्पा! तुम्ही काहीच नाही काढलं!"

"त्याच्यात तिचा केस आहे."

"काय?"

"आईचा केस आहे आत. एक टोक दिसतं. बघ."

भूमिकानं पाहिलं. तिचे डोळे भरले, पण ती मागं हटली नाही. "झेंडूचे किती तोंडं उरले बघितलं का? हे असंच राहिलं ना, तर सब मरेल. आईनं दर रविवारी अर्धं फेकलं, पप्पा. स्वतःच्या हातानं वाढवलेलं स्वतः फेकलं. तिला नाही वाटलं काही. मग तुम्ही का नाही?"

देवराम म्हणाला, "तिला पुढच्या रविवारी परत हात घालता येत होता."

दोघं माझ्या उघड्या दारासमोर जमिनीवर बसून राहिले. वर जोडीतला उरलेला मासा काचेजवळ येऊन त्यांच्याकडं बघत होता. जेवणाची वेळ झाली की तो तसाच येतो. त्याला कोणी सांगितलेलं नाही की घरात काय झालंय.

थोड्या वेळानं भूमिका उठली. तिनं स्वयंपाकघरातून मोठी परात आणली, तिच्यात टाकीतलं पाणी घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही तर सुताचा गुंता सोडवणारे. सोडवा. कापू नका. पण सोडवा."

मला उचलून परातीत ठेवलं. मी एवढा जड झालो होतो की दोघांचे हात लागले. देवरामनं चष्मा लावला. केसाचं मोकळं टोक डाव्या हातात धरलं आणि उजव्या हातानं माझा एकेक दोरा बाजूला करायला लागला. जो दोरा सुटेल तो भूमिका बाजूच्या बादलीत टाकायची. लूमवर त्यानं आयुष्यभर तुटलेलं सूत जोडलं होतं. इतक्या हळू त्यानं कधी काम केलं नसेल. दोरे माझे तुटत होते, मला लागत नव्हतं. मला फक्त भीती होती, की तो थांबेल.

तो थांबलाच. वीतभर केस सुटला आणि पुढं सडलेल्या मध्यभागात शिरला. तिथं सगळं काळं, चिकट, एकजीव झालं होतं. केस कुठला आणि मी कुठला, ते कळत नव्हतं. देवरामनं चष्मा काढून ठेवला.

"उद्या," तो म्हणाला.

"पप्पा, उद्यापर्यंत..."

"उद्या म्हटलं ना, बेटा."

भूमिकानं मला परत टाकीत ठेवलं. बादलीत माझा फार थोडा भाग होता. तेवढं तिनं धुऊन बाहेर नेलं. तेवढ्यानंसुद्धा पाण्याला जराशी वाट मिळाली.

दुसऱ्या दिवशी ते दोघं पुन्हा बसले. बोटभर केस सुटला. तिसऱ्या दिवशी त्याहून कमी. भूमिकानं सुट्टी वाढवून घेतली आहे. ती रोज पाणी तपासते, रंग रोज लालच येतो. झेंडूची काही तोंडं अजून उघडी आहेत. किती, ते ती वडिलांना सांगत नाही आणि ते विचारत नाहीत.

मित्रांनो, मी शेवाळ आहे. मला मोठं शहाणपण नाही. पण टाकीच्या तळाशी राहून एक गोष्ट मी शिकलो. आवडत्या जिवाला खाऊ घालणं सोपं असतं, घट्ट धरून ठेवणं त्याहून सोपं असतं. वेळेवर काढून टाकणं हीसुद्धा काळजीच असते आणि तीच करताना हात अडतो. तुमच्या घरात मासे असतील, झाड असेल, म्हातारं माणूस असेल, तर त्याला काय घालायचं तेवढंच विचारू नका. त्याच्यापासून काय काढून घ्यायला हवं, तेही विचारा. आणि ज्याला विचारायचं तो माणूस समोर आहे तोवर विचारा.

आज रविवार आहे. सकाळी चहा झाला. देवरामनं बाही वर केली आणि माझ्यासमोर बसला. चष्मा लावला, परातीत पाणी घेतलं. मग बराच वेळ नुसता माझ्याकडं बघत राहिला, उठला आणि कॅन आणायला इतवाऱ्यात गेला.

केसाचं दुसरं टोक अजून माझ्या आत आहे. माझा अर्धा भाग अजून काढायचा राहिला आहे.